जुना संगणक, नवी कार्यप्रणाली



आपल्या रविवारच्या मराठी वर्गाच्या कपाटात चार जुने लॅपटॉप आहेत. वर्गातल्याच पालकांनी ते दिले आहेत. चारही चालू होतात, पण चौघांवर विंडोज १० आहे, आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी जाहीर केलेली मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ या यंत्रांना चालत नाही. मग ही यंत्रे टाकून द्यायची का? बाईंनी मला हाच प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर पाठाच्या रूपाने लिहायला सांगितले.

उत्तर असे आहे: यंत्रे टाकायची नाहीत, त्यांच्यावर लिनक्स नावाची कार्यप्रणाली घालायची. पण त्याआधी त्यांच्यात जे आपले आहे ते बाहेर काढून ठेवायचे. कार्यप्रणाली पुन्हा फुकट मिळते. पुसलेली आठवण पुन्हा मिळत नाही. हा पाठ वाचताना हे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे.

मोठी मुले हे काम स्वतः करू शकतील. लहान मुलांनी आईबाबांना वाचून दाखवावे आणि शेवटचा स्वाध्याय जरूर सोडवावा.

१. कार्यप्रणाली म्हणजे काय?

भारतात लग्नाला गेलात तेव्हा तुम्ही मंगल कार्यालय पाहिले असेल. तिथे मोठे सभागृह असते, स्वयंपाकघर असते, वधूपक्षाची आणि वरपक्षाची खोली असते. आचारी, भटजी, फोटोग्राफर, वाजंत्रीवाले सगळे एकाच वेळी आलेले असतात. कोणाला कोणती खोली, पाणी कोणाला आधी, किल्ल्या कोणाकडे, हे सगळे कार्यालयाचा व्यवस्थापक बघतो. तो नसेल तर आचारी आणि फोटोग्राफर एकाच खोलीसाठी भांडत बसतील.

संगणकात हाच व्यवस्थापक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. मराठीत तिला कार्यप्रणाली म्हणतात. तुम्ही एकीकडे गाणे ऐकता, दुसरीकडे निबंध लिहिता आणि तिसरीकडे चित्र छापायला पाठवता. तेव्हा प्रोसेसरचा वेळ कोणाला किती, स्मरणातली जागा कोणाला, प्रिंटरकडे आधी कोणाचा कागद, हे सगळे ती ठरवते. विंडोज, मॅकओएस, अँड्रॉइड आणि लिनक्सवर उभारलेल्या प्रणाली हे सगळे असेच व्यवस्थापक आहेत.

विंडोज १० च्या बाबतीत व्यवस्थापक निवृत्त झाला आहे, कार्यालयाच्या भिंती शाबूत आहेत. दारे उघडतात, दिवे लागतात. पण कुलपात एखादी खोट सापडली तर ती दुरुस्त करायला आता कोणी येत नाही. संगणक इंटरनेटला जोडलेला असतो, म्हणून ही गोष्ट गंभीर आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबा जुन्याच लॅपटॉपवरून भारतातल्या बँकेचे व्यवहार करतात. त्यांच्या यंत्रावर कोणती कार्यप्रणाली आहे, हे या आठवड्यात एकदा बघून या.

२. यंत्र खरोखर म्हातारे झाले आहे का?

विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिच्या काही अटी आहेत. यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, ४ जीबी स्मरण हवे, ६४ जीबी साठवण हवी आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला हवा. या यादीतले प्रोसेसर साधारणपणे २०१७-१८ नंतरचे आहेत. त्यामुळे २०१५ साली चांगले पैसे देऊन घेतलेला धडधाकट लॅपटॉपही बाद ठरतो.

खरे म्हातारपण कुठे येते ते आता पाहू. प्रोसेसर सहसा झिजत नाही. झिजतात त्या या चार गोष्टी:

बॅटरी: काही वर्षांनी तिची ताकद कमी होते. वर्गात लॅपटॉप वायर लावूनच वापरणार असू तर हरकत नाही. मात्र बॅटरी फुगलेली दिसली, लॅपटॉपची पाठ वर आलेली वाटली, तर तो चालू करू नका, चार्जही करू नका. मोठ्यांना सांगा.

हार्ड डिस्क: जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी तबकडी असते. तिच्यातून टकटक आवाज येत असेल तर ती जाण्याच्या बेतात आहे असे समजा. तिच्या जागी एसएसडी बसवली तर यंत्राचा वेग एकदम वाढतो. जुन्या यंत्रावर खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च हा.

पंखा: त्यात धूळ साचते, यंत्र तापते आणि तापले की मुद्दाम हळू चालते. ही चाल बिघाडाची नसते, यंत्र स्वतःला जपत असते. धूळ साफ केली की फरक पडतो.

घड्याळाचा सेल: अनेक यंत्रांत घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा सेल असतो, बहुधा सीआर २०३२. तो संपला की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते. मग कुठलीही सुरक्षित वेबसाइट उघडत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने त्या वेबसाइटचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते. इंटरनेट बिघडले असे वाटते, पण दोष एका छोट्या सेलचा असतो.

३. लिनक्स कुठून आले?

१९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी शिकत होता. त्याने स्वतःच्या संगणकासाठी कार्यप्रणालीचा गाभा लिहायला घेतला आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी ते इतरांना कळवले. हा गाभा म्हणजे कर्नल. त्याच्याभोवती लागणारी बरीचशी साधने आधीच तयार होत होती, कारण अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू हा प्रकल्प जाहीर केला होता. दोन्ही एकत्र आले आणि कोणीही वापरावी, वाचावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी अशी कार्यप्रणाली तयार झाली.

स्वयंपाकाची पाककृती गुप्त न ठेवता वहीत लिहून सगळ्या शेजारणींना दिली, आणि प्रत्येकीने आपापली सुधारणा त्याच वहीत लिहिली, तर काय होईल? लिनक्सचे तसेच झाले. त्यातून वेगवेगळ्या मंडळींनी आपापले संच बांधले. डेबियन १९९३ मध्ये सुरू झाले, उबंटू २००४ मध्ये आणि लिनक्स मिंट २००६ मध्ये.

आपण वर्गासाठी मिंट निवडणार आहोत. त्याचा पडदा विंडोजसारखा दिसतो, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू असतो, त्यामुळे सवय लवकर होते. मिंटची २२ वी आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि तिची देखभाल २०२९ पर्यंत होणार आहे. तिला कमीत कमी २ जीबी स्मरण आणि २० जीबी साठवण लागते. ४ जीबी आणि १०० जीबी असेल तर सुखाने चालते. मिंटमध्ये सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई असे तीन प्रकार मिळतात. यंत्र फारच अशक्त असेल तर एक्सएफसीई घ्यावे, ते हलके आहे. एक अट मात्र आहे: २०२० च्या २० व्या आवृत्तीपासून मुख्य मिंट फक्त ६४-बिट यंत्रांसाठी निघते.

४. आधी काढून ठेवा

पाठाचा हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. इथे घाई करू नका.

आपल्या चार लॅपटॉपपैकी एकावर या वार्तापत्राचे जुने अंक आहेत. दुसऱ्यावर वर्गातल्या एका मुलीच्या पणजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे रेकॉर्डिंग आहे. पणजी आता नाहीत, आणि त्या ओव्या दुसऱ्या कुठेही लिहिलेल्या नाहीत. नवी कार्यप्रणाली घालताना डिस्क पुसली जाते. म्हणून कागद-पेन घ्या आणि पुढील यादी करा.

पहिले, फोटो, ध्वनिफिती आणि लेखन. फक्त डॉक्युमेंट्सचे फोल्डर बघून थांबू नका. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि घरातल्या प्रत्येक माणसाचे वेगळे खाते बघा. फोटोंचे किंवा ईमेलचे एखादे जुने सॉफ्टवेअर असेल तर ते आपला माल वेगळ्याच फोल्डरात ठेवते, तेही शोधा.

दुसरे, तीन-दोन-एक हा नियम. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. ओव्यांच्या रेकॉर्डिंगची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक भारतातल्या मामाकडे असली की झाले. प्रत काढल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून, शेवटपर्यंत वाजवून बघा. न उघडलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे.

तिसरे, परवलीचे शब्द. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड यंत्राबरोबर पुसले जातात. ते आधी उतरवून घ्या.

चौथे, डिस्कचे कुलूप. काही विंडोज यंत्रांत डिस्क आपोआप सांकेतिक रूपात ठेवलेली असते, त्याला बिटलॉकर म्हणतात. यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये हात घातला की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी किल्ली मागू शकते. ती किल्ली आधीच कागदावर लिहून ठेवा.

पाचवे, जुने मराठी फाँट. मराठी माणसांना याची खास काळजी घ्यावी लागते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आज संगणकात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक आहे. या पद्धतीला युनिकोड म्हणतात. क चा क्रमांक २३२५, म चा २३५०, आणि आपल्या ळ चा २३५५. हे क्रमांक जगभर तेच असतात, म्हणून तुम्ही इथून पाठवलेला संदेश पुण्यात आजीला मराठीतच दिसतो. युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये आली. भारतीय मानक संस्थेचे इस्की हे प्रमाणही १९९१ चेच, आणि लिनक्सही त्याच वर्षीचे. पण युनिकोड घरोघरच्या संगणकांवर पोचायला पुढे बरीच वर्षे गेली. त्या काळात मराठी छापण्यासाठी एक युक्ती वापरत. फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे काढून ठेवत. कोणते चित्र कुठे ठेवायचे हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवी. पडद्यावर मराठी दिसे, पण फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असत.

आता विचार करा. अशी फाइल आपण नव्या यंत्रावर नेली, पण तो फाँट नेला नाही, तर काय दिसेल? इंग्रजी अक्षरांची खिचडी! आपले जुने अंक याच प्रकारचे आहेत. म्हणून तीन गोष्टी करायच्या. जुन्या यंत्रावर ती फाइल उघडून तिची पीडीएफ करून घ्यायची, आणि फाँट पीडीएफच्या आतच जातो ना ते दुसऱ्या यंत्रावर उघडून तपासायचे. मूळ फाइलही ठेवायची. आणि त्या फाँटची फाइल तिच्याच शेजारी ठेवायची, कारण पुढे युनिकोडमध्ये बदलताना तो फाँट नेमका कोणता हे कळावे लागते. ही तिन्ही कामे जुनी कार्यप्रणाली जिवंत असतानाच होतात, नंतर होत नाहीत.

५. पेन ड्राइव्ह तयार करणे

निदान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचे सगळे पुसले जाणार आहे, म्हणून रिकामा घ्या. लिनक्स मिंटच्या अधिकृत वेबसाइटवरून आयएसओ फाइल उतरवा. ती साधारण ३ जीबीची असते. ती नुसती पेन ड्राइव्हवर कॉपी करून चालत नाही. रुफस किंवा एचर यांसारख्या सॉफ्टवेअरने लिहावी लागते, म्हणजे यंत्र त्या पेन ड्राइव्हवरून सुरू होऊ शकते.

लिहिण्याआधी फाइल तपासा. गावाकडून येणाऱ्या पार्सलवर लाखेचे सील असे, ते शाबूत असेल तर मधे कोणी उघडले नाही हे कळे. फाइलचे सील म्हणजे चेकसम. तुमच्या फाइलवर गणित करून ६४ अक्षरांची एक ओळ निघते, आणि तशीच ओळ मिंटवाले वेबसाइटवर देतात. दोन्ही तंतोतंत जुळल्या तर फाइल पूर्ण आली. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी निघते. हे गणित कसे करायचे ते मी वर्गात दाखवीन.

६. आधी नुसते चालवून बघा

यंत्र चालू होताना काय घडते ते समजून घ्या. सर्वांत आधी जागे होते ते फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या बोर्डावरच कोरलेली छोटी आज्ञावली. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणत, आता यूईएफआय असते. ती कार्यप्रणाली कुठे आहे ते शोधते. मग बूटलोडर गाभ्याला स्मरणात आणतो, आणि गाभा बाकीच्या सगळ्यांना उठवतो. कीर्तनाला आधी पेटीवाला येऊन सूर धरतो, मग टाळकरी येतात आणि शेवटी बुवा उभे राहतात, तसा हा क्रम आहे.

आपल्याला फर्मवेअरला सांगायचे असते की आज डिस्ककडे जाऊ नकोस, पेन ड्राइव्हकडे जा. त्यासाठी चालू करताच एक कळ दाबत राहायची. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच यंत्रांत एफ१२, एचपीच्या बऱ्याच यंत्रांत एफ९. इंटेल प्रोसेसरच्या अॅपल यंत्रांत ऑप्शन ही कळ.

मिंट सुरू झाले की ते थेट पेन ड्राइव्हवरून चालते. तुमच्या डिस्कला अजून हात लागलेला नसतो. थोडे हळू चालेल, कारण पेन ड्राइव्ह हळू असतो. या स्थितीत पुढील गोष्टी तपासा आणि कागदावर खुणा करा: वायफाय लागते का? आवाज येतो का? कॅमेरा चालतो का? पडद्यावरची अक्षरे स्वच्छ आहेत का? झाकण बंद करून उघडल्यावर यंत्र जागे होते का? प्रिंटर सापडतो का? वायफाय लागत नसेल तर ते आत्ताच कळलेले बरे. बहुतेक वेळा वायर लावून इंटरनेट घेतले आणि योग्य ड्रायव्हर उतरवला की प्रश्न सुटतो.

७. स्थापना

इन्स्टॉलेशनला मराठीत स्थापना म्हणतात. गणपतीची करतो तीच. आधी जागा स्वच्छ करायची, मग मूर्ती बसवायची.

पडद्यावरच्या इन्स्टॉल या चित्रावर दोनदा टिचकी मारा. पहिला प्रश्न भाषेचा. यादीत मराठी आहे. भाषांतर सगळीकडे पूर्ण झालेले नाही, काही ठिकाणी इंग्रजी दिसेल. तरी एका लॅपटॉपवर आपण मराठीच ठेवणार आहोत. दुसरा प्रश्न कळफलकाचा. इथे अमेरिकन कळफलक निवडा, मराठी आपण नंतर जोडू.

त्यानंतर येतो तो मोठा प्रश्न: डिस्कचे काय करायचे? दोन मार्ग असतात. विंडोजला एका बाजूला ठेवून शेजारी मिंट बसवायचे, किंवा सगळी डिस्क पुसून फक्त मिंट ठेवायचे. पहिल्या मार्गात यंत्र चालू करताना कोण हवे ते विचारले जाते. डिस्क मोठी असेल आणि घरी एखादे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल तर तो ठीक आहे, पण ते विंडोज इंटरनेटपासून दूर ठेवावे. वर्गाच्या यंत्रांवर आपण दुसरा मार्ग घेणार आहोत.

या पाठातली परत न फिरणारी पायरी ही एकच आहे. बटण दाबण्याआधी चौथ्या भागातली यादी हातात घ्या आणि दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. प्रत्येक ओळीला होकार आला तरच पुढे जा. बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर आधी ती काढून ठेवा, म्हणजे चुकूनही तीच पुसली जाणार नाही.

पुढचे सोपे आहे. कोणत्या शहराच्या वेळेप्रमाणे घड्याळ लावायचे ते सांगा, नाव आणि परवलीचा शब्द द्या आणि थांबा. झाल्यावर यंत्र पुन्हा सुरू होते, तेव्हा पेन ड्राइव्ह काढून घ्या. पहिले काम म्हणून अपडेट मॅनेजर उघडून सगळ्या सुधारणा घ्या. दुसरे काम, टाइमशिफ्ट चालू करा. काही बिघडले तर त्यामुळे कार्यप्रणाली कालच्या स्थितीला नेता येते. लक्षात घ्या, टाइमशिफ्ट कार्यप्रणालीची प्रत ठेवते. तुमच्या फोटोंची प्रत तुम्हीच ठेवायची.

८. मराठी कळफलक

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लेआउटच्या यादीत मराठी जोडा. त्यात दोन प्रकार दिसतील: इन्स्क्रिप्ट आणि कगप. कगप उच्चारावर चालतो. आपण वर्गात इन्स्क्रिप्ट शिकणार आहोत. तो भारत सरकारचा प्रमाण कळफलक आहे, विंडोज आणि अॅपलवरही मिळतो, आणि भारतातल्या सगळ्या प्रमुख लिप्यांना एकच मांडणी लागू पडते. मराठी शिकलात की कन्नड आणि गुजराती लिपीतही बोटे तिथेच जातात.

त्यात एक गंमत आहे. तो आपल्या वर्णमालेप्रमाणे रचला आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. साधी कळ दाबली की क, शिफ्ट धरून तीच दाबली की ख. तसेच ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. मात्रा साध्या कळीवर आणि तिचा स्वर त्याच कळीवर शिफ्ट धरून. बाई तुमच्याकडून वर्णमाला पाठ करून घेतात, तिचा उपयोग इथे होतो.

काही कळा: के म्हणजे क, जे म्हणजे र, एच म्हणजे प, सी म्हणजे म, व्ही म्हणजे न, बी म्हणजे व, एल म्हणजे त, ओ म्हणजे द, वाय म्हणजे ब, एन म्हणजे ल, एम म्हणजे स. ई म्हणजे काना, आर म्हणजे दुसरी वेलांटी, जी म्हणजे पहिला उकार, एस म्हणजे एक मात्रा. डी म्हणजे पाय मोडण्याची खूण. तिरप्या रेघेच्या कळीवर य. शिफ्ट धरून एन म्हणजे ळ, एम म्हणजे श, सी म्हणजे ण.

म्हणून नमस्ते असे लिहायचे: व्ही, सी, एम, डी, एल, एस.

आणखी एक खास मराठी गोष्ट. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. लिहिताना दोन्हीतला र वेगळा. पहिल्यासाठी ओ, जे, डी, तिरपी रेघ, ई. दुसऱ्यासाठी जे च्या ऐवजी शिफ्ट-जे. एका शिफ्टवर समुद्राचा डोंगर होतो!

लेखनासाठी मिंटमध्ये लिबरऑफिस असते. त्यात फाँट बदलला तरी मराठी अक्षरे बदलत नाहीत अशी तक्रार नेहमी येते. कारण त्यात देवनागरीसारख्या लिप्यांचा फाँट वेगळा निवडायचा असतो. भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा आणि तिथे मराठी निवडा. देवनागरीसाठी गूगलचा नोटो आहे, तसाच लोहित आहे. लोहित म्हणजे तांबडा. हा फाँट रेड हॅट, म्हणजे लाल टोपी, या नावाच्या कंपनीने खुला केला, म्हणून ते नाव.

९. काय चालणार नाही?

खरे सांगायला हवे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे डेस्कटॉप सॉफ्टवेअर, फोटोशॉप आणि बरेचसे खेळ लिनक्सवर सरळ चालत नाहीत. तुमच्या इंग्रजी शाळेत परीक्षेसाठी पडदा बंद ठेवणारे ब्राउझर वापरत असतील, तर तेही बहुधा चालणार नाही. काही जुने प्रिंटर त्रास देतात. म्हणून घरात एकच संगणक असेल तर घाईने बदलू नका, आधी पेन ड्राइव्हवरून आठवडाभर वापरून बघा. मात्र ब्राउझर, व्हिडिओवर आजीशी बोलणे, निबंध लिहिणे, गाणी ऐकणे, फोटो पाहणे ही कामे चांगली होतात. आपल्या वर्गाला एवढेच हवे आहे.

शब्दसंग्रह

संगणक: कॉम्प्युटर. गण् म्हणजे मोजणे. गणित हा शब्द त्याच धातूपासून.
आज्ञावली: प्रोग्रॅम. आज्ञांची ओळ, जशी दीपावली म्हणजे दिव्यांची ओळ.
कळफलक: कीबोर्ड.
परवलीचा शब्द: पासवर्ड. पहारेकरी पूर्वी खुणेचा शब्द विचारत, तो.
तबकडी: डिस्क. जुन्या ग्रामोफोनच्या रेकॉर्डलाही हाच शब्द.
विदा: डेटा. विद् म्हणजे जाणणे, त्यावरून.

स्वाध्याय

१. हे शब्द ओळखा: (अ) वाय, ई, वाय, ई. (आ) एच, जी, शिफ्ट-सी, एस. (इ) बी, ई, जे, आर. (ई) शिफ्ट-एम, ई, शिफ्ट-एन, ई.
२. के या कळीवर क आणि शिफ्ट धरून ख. तर वाय या कळीवर शिफ्ट धरून कोणते अक्षर येईल?
३. कार्यप्रणालीला मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाची उपमा दिली आहे. तुम्ही दुसरी उपमा द्या. पाच ओळी लिहा.
४. घरातल्या सगळ्यात जुन्या संगणकावर काय काय आहे त्याची यादी आईबाबांबरोबर करा. त्यातली कोणती गोष्ट पुन्हा मिळणार नाही? तिच्यापुढे फुली करा.
५. मोठ्या मुलांसाठी: पणजींच्या ओव्यांचे रेकॉर्डिंग वर्गात ऐकवले जाईल. प्रत्येकाने एक ओवी ऐकून कागदावर उतरवायची आणि मग स्थापना झालेल्या लॅपटॉपवर इन्स्क्रिप्टने लिहायची. न कळलेले शब्द तसेच ठेवा, घरी आजीला फोन करून विचारा.

पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर दोन तास आपण पहिल्या दोन लॅपटॉपच्या प्रती काढू. त्या दिवशी काहीही पुसणार नाही. प्रती दुसऱ्या यंत्रावर तपासून झाल्या की त्याच्या पुढच्या रविवारी स्थापना. येताना रिकामा पेन ड्राइव्ह आणि चौथ्या प्रश्नाची यादी आणावी.

– वर्गातले एक पालक, तुमचे संगणकवाले काका